रामेश्वरचं ऊन आणि टँक बंडवरचा पाऊस

माझ्या थोरल्या भावाने सायकलवरून रामेश्वर गाठलं, ही गोष्ट आमच्या नात्यागोत्यात अजून सांगतात. लग्नकार्यात चार माणसं जमली की कुणीतरी ती हटकून काढतं. मी जवळपास असले तर जरा आवाज खाली करून काढतं. त्या गोष्टीने माझं डोकं फिरतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. का फिरतं, ते मात्र इतक्या वर्षांत कुणी विचारलेलं नाही. म्हणून लिहिते.

आम्ही हैदराबादच्या मलकपेठेत राहत होतो. वडील, म्हणजे आमचे अप्पा, वकील. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत, वकिली उर्दूत. निजामाचं राज्य गेलं तशी कोर्टाची भाषाही बदलू लागली आणि केस पांढरे झाल्यावर अप्पांना इंग्रजी कायद्याची पुस्तकं उघडून बसावं लागलं. पक्षकार हळूहळू दुसरीकडे गेले. त्यात दमा. दादा महसूल खात्यात कारकून होता. मी सिकंदराबादच्या एका मुलींच्या शाळेत मराठी आणि गणित शिकवत असे. मलकपेठेहून सिकंदराबाद म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसरं टोक, आणि मी ते सायकलवरून रोज करत असे.

ती सायकल अप्पांनी बोलारमच्या छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतली होती. देश स्वतंत्र होणार म्हणून तो कुटुंब घेऊन विलायतेला निघाला होता. घरचं सामान अंगणात मांडून विकत होता. त्यात त्याच्या मेमची सायकल होती, पुढे दांडी नसलेली, मागच्या चाकाला मेमचा झगा अडकू नये म्हणून जाळी लावलेली. अप्पा ती टांग्यात घालून घरी घेऊन आले आणि मला म्हणाले, "ते चाललेत. तू शीक."

पण शिकायचं कुठे? दिल्लीत झेंडा लागला तेव्हा आम्ही हैदराबादेत दारं लावून बसलो होतो. रझाकारांचे दिवस. मुलीबाळींनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. मी परसातल्या विहिरीभोवती गोल गोल सायकल फिरवत शिकले. पडायचे ते भिंतीवर. जवळजवळ वर्षभर माझं जग तेवढंच होतं. मग फौजा आल्या, चार-पाच दिवसांत सगळं निकालात निघालं, दारं उघडली आणि मी सायकल घेऊन गल्लीत आले. तो दिवस मला देशाच्या स्वातंत्र्याइतकाच मोठा वाटला होता. अजूनही वाटतो.

पुढे नोकरी लागली. उन्हाळ्यात, हिवाळ्यात तो रस्ता सुखाचा होता. चादरघाटचा पूल, सुलतान बाजार, आबिड्स, मग हुसेनसागरच्या काठाने टँक बंड, राणीगंज आणि शाळा. पावसाळ्यात मात्र त्याच रस्त्यावर माझे हाल कुत्रा खाईना. बंडावर वारा तलावावरून आडवा येई आणि सायकल ढकलून द्यायला बघे. छत्री धरायची सोय नाही. चाकं भिजली की ब्रेक धरत नसत, त्यामुळे उतारावर पायातली चप्पल जमिनीला घासत थांबायचं. राणीगंजच्या चिखलात लुगड्याचा काठ चेनमध्ये जाई. कडेला उभे असलेले रिकामटेकडे पोट्टे ओरडत, "अरे देखो, मास्टरनी तैरने निकली!" बस होती, पण पाऊस आला की ती कधी येईल याचा नेम नसे आणि शाळेची घंटा कुणासाठी थांबत नसे. मी नकाशांच्या कपाटात एक कोरडं पातळ ठेवून दिलं होतं. शाळेत पोचले की आधी ते नेसायचं, ओलं खिडकीत वाळत टाकायचं आणि वर्गावर जायचं. मुख्याध्यापिका म्हणायच्या, "खिडकीत लुगडी बरी दिसत नाहीत हो." मी पुढच्या पावसाला मागच्या खिडकीत टाकायची.

या सगळ्यातून मला वाचवणारी एकच वस्तू होती. लष्कराच्या जुन्या मालाच्या दुकानातून आणलेला रेनकोट. एखाद्या आडदांड शिपायाचा असावा. मी त्यात बुडून जायची, पण पाणी आत येत नसे.

एका आषाढात दादाने जेवताना जाहीर केलं की तो आणि ऑफिसातले दोन मित्र सायकलवरून रामेश्वरला जाणार आहेत. खात्यात रजा मंजूर झाली होती. मागे पथारी बांधायची, वाटेत धर्मशाळेत उतरायचं, हाताने भात शिजवायचा आणि समुद्राच्या काठाने खाली खाली जायचं. आईने ताट बाजूला सारून हात जोडले. मुलगा रामेश्वरला जातोय, याहून तिला आणखी काय हवं होतं!

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी पण येते. शाळेला सुट्टी मागते."

दादा हसला. वाईट हसला असं नाही, लहान मुलाने चंद्र मागितल्यावर हसतात तसा हसला. "तू? अगं, रोज किती मैल मारायचे असतात ठाऊक आहे?"

"मी रोज मारतेच की. पावसात मारते."

"ते नोकरीला जाणं झालं. हे वेगळं."

"पावसात निघणार तुम्ही?"

"छे! पावसात कोण सायकल मारतो? नुसते हाल. सायकलची खरी मजा उन्हाच्या मुलखात. मद्रासच्या खाली या दिवसांत थेंब पडत नाही. इथून मद्रासपर्यंत आम्ही आगगाडीनेच जाणार. सायकली लगेजच्या डब्यात टाकायच्या."

हे तो माझ्याकडे बघत बोलत होता. मी त्याच संध्याकाळी भिजून आले होते आणि केस अजून ओले होते. त्याला त्यात काही विसंगत दिसलं नाही. मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "तिघा पुरुषांच्यात तू कशी जाशील गं? विचार करून बोलावं माणसाने." अप्पांनी भातावर ताक ओतून घेतलं.

निघायच्या दिवशी सकाळी मी सायकल काढायला गेले तर तिचं कॅरियर जागेवर नव्हतं. बत्तीही नव्हती. दादाच्या सायकलीला दोन्ही लावलेली होती. त्याचं स्वतःचं कॅरियर तकलादू होतं, पथारीचं ओझं पेलणारं नव्हतं. ते सगळं एक वेळ समजू शकते. पण त्या कॅरियरवर पथारी होती आणि पथारीभोवती माझा रेनकोट गुंडाळून सुतळीने आवळलेला होता.

"दादा, हा माझा रेनकोट आहे."

"पथारीला धूळ लागते गं. परत आणून देतो."

"बाहेर पाऊस पडतोय!"

"मग छत्री घे ना."

गल्लीतली माणसं हार घेऊन आली होती. आई कुंकवाची कोयरी घेऊन दारात उभी होती. तिने डोळ्यांनीच मला गप्प केलं. तिघांच्या गळ्यात हार पडले, कुणीतरी 'भारत माता की जय' म्हटलं, आणि ते तिघे घंट्या वाजवत सिकंदराबाद स्टेशनकडे निघाले. मलाही त्याच दिशेला जायचं होतं. मी त्यांच्या मागून, भिजत. राणीगंजपर्यंत मी त्यांना मागे टाकलं होतं.

पुढचे दिवस मी तशीच काढले. वह्या मेणकापडात गुंडाळून हँडलला बांधायची. घोंगडी घेऊन पाहिली, पण भिजल्यावर ती इतकी जड होई की खांदे भरून येत. एकदा संध्याकाळी आभाळ दाटून लवकर अंधारलं. बत्ती नाही म्हणून आबिड्सच्या चौकात पोलिसाने अडवलं आणि दोन्ही चाकांतली हवा सोडून दिली. मी तिथून मलकपेठेपर्यंत सायकल ढकलत आले. घरी पोचले तर आई दादाचं कार्ड अप्पांना वाचून दाखवत होती. तिकडे आकाश निळंभोर आहे, वारा पाठीशी आहे, ताडाच्या सावलीत बसून शहाळी पितो. "किती छान लिहितो," आई म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "अगं, पायरीवरच पीळ ते लुगडं. घरभर पाणी करू नकोस."

श्रावणात एका रविवारी दुपारी अप्पांना दम्याचा झटका आला. नेहमी यायचा तसला नव्हता. ओठ निळे पडले, बोलता येईना, नुसते उशीला धरून बसून राहिले. बाहेर धो धो पाऊस. कोपऱ्यावर एकही रिक्षा नव्हती. आमचे डॉक्टर अफझलगंजला, मुसी नदीच्या पलीकडे. जुने मुसलमान डॉक्टर होते. राज्य गेल्यावर त्यांचा मुलगा कराचीला गेला आणि ते मागे राहिले. गल्लीतल्या काहींनी तेव्हापासून त्यांच्याकडे जाणं सोडलं होतं. अप्पांनी सोडलं नव्हतं.

मी सायकल काढली. मुसी तांबडी लाल होऊन वाहत होती. खालचा पूल पाण्याखाली गेला होता, म्हणून मी वरच्या पुलाकडून वळसा घातला. समोरचं दिसत नव्हतं. दोनदा पडले. दवाखान्याच्या वरच डॉक्टरांचं घर. त्यांनी दार उघडलं आणि माझा अवतार बघून एक पाऊल मागे सरले.

"अरे बेटी, इत्ती बारिश में कायकू निकली?"

मी सांगितलं. त्यांनी पेटी घेतली, चष्मा खिशात टाकला आणि खाली आले. त्यांची मोटार केव्हाच विकली गेली होती. टांगेवाल्याने पाणी बघून नकारार्थी मान हलवली. डॉक्टर माझ्या सायकलकडे वळले. "चल, पीछे बैठ जाता हूं. बुढ्ढे का वजन उठा लेगी?"

मी उचललं असतं. त्या दिवशी मी कुणाचंही ओझं ओढून नेलं असतं. पण मागे मडगार्डच्या वर रिकामी जागा होती.

"कॅरियर किधर गया?" त्यांनी विचारलं.

"रामेश्वरला," मी म्हणाले.

त्यांना कळलं नाही. मला समजावून सांगायला वेळ नव्हता. मी त्यांची पेटी मेणकापडात गुंडाळून हँडलला लावली आणि सायकल हातात धरून चालू लागले. ते माझ्या बाजूने, एक हात सीटवर ठेवून, गुडघाभर पाण्यातून. त्यांना धाप लागत होती. पुलावर ते थांबले. मी त्यांच्याकडे बघत उभी होते आणि मनात दादाला शिव्या देत होते. घरात कधी कुणी तोंडातून काढल्या नव्हत्या अशा शिव्या, शहरात जितक्या ऐकल्या होत्या तितक्या सगळ्या. डबल सीट आलो असतो तर केव्हाच घरात असतो. अप्पा घरी तिकडे श्वासासाठी तडफडत होते, आणि ज्याच्यावर डॉक्टर बसले असते ते लोखंड उन्हात कुठल्यातरी ताडाखाली उभं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा अप्पांची मान कलली होती. डॉक्टरांनी हात न पुसता सुई काढली. थोड्या वेळाने अप्पांनी एक लांब श्वास घेतला, मग आणखी एक. आई भिंतीला टेकून खाली बसली. डॉक्टर म्हणाले, "और जरा देर होती ना भाभी, तो मुश्किल था." मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "लडकी शेर है तुम्हारी."

आईने त्यांना चहा दिला, कोरडं धोतर दिलं. मला म्हणाली, "बघ, देवाने वाचवलं. रामेश्वरची पुण्याई."

मी मोरीत गेले आणि दार लावून ओले केस पिळत राहिले. बाहेर आले तेव्हा डॉक्टर गेले होते.

दादा परत आला तो काळाठिक्कर पडून, पण अंगाने भरून. रेनकोटाला शेकोटीच्या ठिणगीने भोक पडलं होतं. अप्पांचं त्याला सांगितलं तेव्हा तो खरंच घाबरला, त्यांच्या पायाशी बराच वेळ बसून राहिला. तो दुष्ट नव्हता. हे मी आज म्हणते असं नाही, तेव्हाही मला माहीत होतं. पण कॅरियरचं सांगितलं तेव्हा म्हणाला, "मला काय स्वप्न पडलं होतं का गं?" आणि विषय संपला. त्याच्यापुरता.

मग सत्कार. सुलतान बाजारातल्या एका मंडळाने तिघांचा सत्कार ठेवला. हॉल भरला होता. बाहेर पाऊस चालूच होता आणि लोकांच्या छत्र्यांचं पाणी फरशीवरून वाहत होतं. अध्यक्ष एक वयस्कर गृहस्थ होते. ते म्हणाले, आपल्या हैदराबादच्या तरुणांनी नव्या भारताची भूमी स्वतःच्या पायांनी मोजली. ऊन, वारा, पाऊस यांची तमा न बाळगता हैदराबादपासून रामेश्वरपर्यंत सायकली हाकल्या. टाळ्या पडल्या. मी दादाकडे बघत होते. आता तो उठेल, हसून म्हणेल, अहो, मद्रासपर्यंत आम्ही गाडीत झोपलो होतो. तो मान खाली घालून नम्र बसला होता. मग त्याचं भाषण झालं. त्याने समुद्राचं वर्णन केलं, देवळांच्या गोपुरांचं केलं, आणि शेवटी म्हणाला, "सायकलवर बसल्याशिवाय देश कळत नाही."

अध्यक्ष म्हणाले, "आता यांच्या भगिनी त्यांना ओवाळतील."

आईने माझ्या हातात तबक दिलं. मी वर गेले. तिघांना कुंकू लावलं, ओवाळलं. तबक टेबलावर ठेवलं. उतरायच्या ऐवजी लोकांकडे तोंड करून उभी राहिले. 

"सायकली मद्रासपर्यंत आगगाडीत होत्या," मी म्हणाले. "पाऊस नको म्हणून. यांना पाऊस लागलेला नाही. पावसात सायकल मारणं म्हणजे नुसते हाल, असं दादा म्हणतो. मी रोज मलकपेठेहून सिकंदराबादला जाते. मला विचारा हाल कसे असतात ते."

हॉलमध्ये कुणीतरी खाकरलं. मागे बसलेल्या बायकांतून एक हसण्याचा आवाज आला आणि लगेच दाबला गेला. अध्यक्षांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तबक सांडलं आहे. "मुली, तू दमली आहेस," ते म्हणाले. "बस खाली." मग त्यांनी आभारप्रदर्शनाला सांगितलं.

 घरी दारातून आत आल्यावर आई बोलली. "सख्ख्या भावाचा पाणउतारा केलास. चारचौघांत. घरातलं घरात बोलायचं असतं."

"घरात बोलले होते. तूच गप्प केलंस."

"हौ, केलं! मुलगा प्रवासाला निघाला असता तुझ्या रेनकोटावरून भांडण करू द्यायचं होतं का?"

मी अप्पांच्या खोलीत गेले. त्यांनी सगळं ऐकलंच होतं. मला वाटलं, निदान हे तरी. ते उठून बसले, माझा हात धरला. म्हणाले, "खोटं बोलली नाहीस. पण फार माणसांसमोर बोललीस." मी हात सोडवून घेतला. मला त्या घरात सर्वांत जास्त राग त्या रात्री त्यांचाच आला. दादाकडून मी कसली अपेक्षा करत नव्हते.

दादा माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलला नाही. कॅरियर मी स्वतःच पाना घेऊन काढलं आणि माझ्या सायकलीला बसवलं. रेनकोटाच्या भोकाला पंक्चरवाल्याकडून ट्यूबचा तुकडा चिकटवून घेतला. शाळेत मात्र एक गोष्ट घडली. सत्काराला आलेल्या बायकांतली एक माझ्या वर्गातल्या मुलीची आई निघाली. ती एका सकाळी मुलीला घेऊन आली, म्हणाली, "हिला सायकल शिकवाल का? आमच्यात कुणाला येत नाही." मी शाळेच्या मैदानात शिकवलं. मग आणखी दोघी आल्या. मुख्याध्यापिकांनी नाक मुरडलं, पण नाही म्हटलं नाही.

अप्पा त्यानंतर काही वर्षांनी गेले, त्याच दम्याने. डॉक्टर त्यांच्याआधी गेले होते. मग राज्याचे तीन तुकडे झाले. मराठी मुलूख मुंबईकडे गेला, कानडी म्हैसूरकडे आणि हैदराबाद आंध्रात गेलं. आमच्या ओळखीतली कितीतरी सरकारी माणसं तिकडची नोकरी पत्करून गेली. दादाही निघाला. त्याचं लग्न झालं होतं, औरंगाबादेत जागा मिळत होती. जायच्या आधी तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"आई इथेच राहते म्हणते," तो म्हणाला. "तिला हे घर सोडवत नाही. तू आहेस ना?"

"मला कुणी विचारलं का, मला जायचंय का?"

"तुझी शाळा आहे इथे. सगळं तुला माहिती आहे. डॉक्टर कुठे, औषध कुठे. माझ्यापेक्षा तुला जास्त."

"का माहिती आहे मला?"

तो म्हणाला, "तुझा राग काही जात नाही."

"नाही जात."

तो गेला. मी त्यांना पोचवायला स्टेशनवर गेले नाही. आई गेली. पुढच्याच आठवड्यात शाळेत आम्हा मराठी शिक्षिकांना तेलुगू शिकायला सांगितलं, नाहीतर नोकरीवर गदा. मी संध्याकाळी एका शेजारणीकडे जाऊन अक्षरं गिरवू लागले. ती माझ्याहून वयाने लहान होती आणि माझं लिहिणं बघून तोंडाला पदर लावून हसायची. मी तिला हसू दिलं. आई घरी वाट बघत बसायची आणि मी उशिरा आले की उशीर का झाला ते न विचारता दादाच्या खुशालीचंच पुन्हा एकदा विचारायची.